शिंक्यातलं मडकं आणि माहेरचा मोगरा

फार फार जुनी गोष्ट आहे. त्या काळी दिवस देवळातल्या घटिकेने मोजत असत. चैत्र सरत आला होता. सूर्य उगवल्यानंतरची तिसरी घटिका बुडाली, गुरवाने घंटेवर टोला दिला, आणि नेमक्या त्याच टोल्याला मिठाचे बैल घेऊन चाललेला एक म्हातारा व्यापारी कातळवाडीतल्या एका ओट्यापाशी थांबला.

"येसू इथंच राहते ना? तिच्या वडिलांचा निरोप आहे."

येसू मांडीवरच्या लेकीला भरवत होती. ती तशीच उठली.

"बोला बाबा."

"म्हणाले, अंथरुणाला खिळलोय. नात अजून पाहिली नाही. जमलं तर ये. नाही जमलं तर रागावणार नाही."

एवढं सांगून व्यापारी बैलांमागे गेला. येसूने तो शेवटचा बोल स्वतःशी पुन्हा म्हटला. वडील रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, बापाने बोलावलं तर लेकीने जावं, त्यात एवढा विचार कसला? तर आधी कातळवाडीची रीत ऐका.

हे गाव डोंगरमाथ्यावर, सपाट काळ्या कातळावर वसलेलं. मूठभर माती हवी असली तरी डोंगर उतरावा लागे. जे काही हिरवं उगवायचं ते ओट्यावरच्या कुंड्यांतच. तुळस कुंडीत, मिरची कुंडीत, अळूही कुंडीत. आणि प्रत्येक घरी एक कुंडी मानाची असायची. नवी नवरी सासरी येताना बापाच्या परसातली माती आणि एक झाड कुंडीत घालून आणायची. तिला म्हणत माहेरकुंडी.

माहेरकुंडीला पाणी घालायचं ते फक्त जिची कुंडी तिच्याच हाताने. दुसऱ्याचा हात लागला की माहेरची ओल तुटते, असं मानत. आणि झाड सुकलं तर माहेरच्या माणसांवर येतं, असंही मानत. हे कोणी ठरवलं होतं? कोणालाच ठाऊक नव्हतं. पण पाळत सगळ्या होत्या.

म्हणून कातळवाडीची बाई माहेरी जायची ती थंडीत, दव पडायचं तेव्हा, आणि तेही एका मुक्कामापुरती. गेल्या थंडीत येसूची लेक फार तान्ही होती, म्हणून तिचं तेही राहिलं होतं. पावसात आभाळच पाणी घालायचं, पण मग घाटाची वाट ओढ्याखाली जायची. आणि उन्हाळ्यात तर जायचंच नाही. उन्हाळ्यात कातळ असा तापायचा की सकाळी घातलेलं पाणी दुपारी शोधून सापडत नसे.

येसूच्या माहेरकुंडीत मोगरा होता. तिच्या आईने लावलेल्या झाडाची फांदी. आई आता नव्हती. वडिलांनी स्वतः ती फांदी रुजवली होती आणि येसू सासरी निघताना म्हणाले होते, "हा फुलला की समज, आम्ही बरे आहोत."

म्हणजे बघा कसं झालं. गेली तर मोगरा सुकणार, आणि रीत म्हणत होती की मोगरा सुकला तर वडिलांवर येणार. राहिली तर वडील नातीचं तोंड न बघताच जाणार. येसूने लेकीला काखेत घेतलं, खाली ठेवलं, पुन्हा घेतलं. तिला काही सुचेना.

सासूबाई ओट्यावरच तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तुळशीला पाणी घातलं, मिरचीला घातलं, मोगरा वगळला आणि पुढच्या अळूला घातलं. हाताची सवयच होती ती.

"आत्याबाई, एवढ्या दोनचार दिवसांपुरतं तुम्ही..."

"पुढचं बोलू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "उद्या तुझ्या वडिलांचं काही बरंवाईट झालं तर जन्मभर तू माझ्या हाताकडे बघशील."

नवरा पाथरवट होता. छिन्नी पुसत तो म्हणाला, "घाटाखाली सोडायला मी येतो. पण कुंडीचं मला विचारू नकोस."

शेजारच्या ओट्यावरून खोकल्याचा आवाज आला. ती भिवरा.

भिवरा येसूपेक्षा वयाने बरीच मोठी. तिच्या माहेरकुंडीत अनंताचं झाड होतं, आणि सगळ्या गावात तसं डेरेदार झाड नव्हतं. हंगामात पांढरं शुभ्र व्हायचं. वाटसरूसुद्धा थांबून बघत. पण भिवराने त्यातलं एक फूल कधी केसांत माळलं नाही. का, ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं आणि तिला विचारायची कोणाची छाती नव्हती, कारण तिची जीभ मिरचीच्या कुंडीत वाढल्यासारखी होती.

येसूचं आणि तिचं बोलणं बंद होतं. भिवराच्या शेळीने येसूच्या मोगऱ्याच्या कळ्या खाल्ल्या होत्या. येसू म्हणाली, "शेळी बांधता येत नाही का?" भिवरा म्हणाली, "कुंडी वर ठेवता येत नाही का?" तेव्हापासून अबोला. पण ओटे एकमेकांना चिकटलेले. न बोलून कसं भागणार? म्हणून भिवरा शेळीशी बोलायची आणि येसू आपल्या लेकीशी.

"ऐकलंस का गं शेळे," भिवरा मोठ्याने म्हणाली, "बाप बोलावतोय आणि माणसं झाडाच्या तोंडाकडे बघत बसलीत."

येसूने लेकीचं नाक पुसलं. "आपण शेळीवाल्यांकडे लक्ष देत नाही हं, बाळा."

पण बोल लागायचा तिथे लागलाच. येसू लेकीला घेऊन देवळात गेली.

देवापुढे तिने हात जोडले, पण डोळे मिटले नाहीत. तिची नजर घटिकेवर गेली. पाण्याने भरलेलं मोठं घंगाळ, त्यावर तरंगणारी तांब्याची वाटी. वाटीच्या बुडाला केसाएवढं भोक. त्या भोकातून पाणी हळूहळू वाटीत शिरायचं. वाटी भरली की बुडायची. बुडाली की गुरव टोला द्यायचा.

"गुरवबाबा, पाणी एकदम का नाही शिरत?"

"भोक बारीक आहे म्हणून. मोठं केलं तर दिवस दुपारीच संपेल," गुरव हसला.

येसू बघत राहिली. मग तिच्या मनात आलं, पाणी जर असं थेंबाथेंबाने आत येतं, तर थेंबाथेंबाने बाहेरही जाईल. आणि मडकं तर मीच भरणार. भोकही मीच पाडणार. मग ते पाणी कोणाच्या हाताचं? माझ्याच.

ती घरी आली ती जवळजवळ धावतच. उतरंडीतलं मोठं मडकं काढलं. दाभण फिरवून फिरवून त्याच्या बुडाला भोक पाडलं, मडकं भरलं आणि मोगऱ्यावर टांगलं. लेकीला झोपवून येते तो मडकं रिकामं, आणि ओट्यावर तळं.

"गुरवाने सांगितलं तेच झालं," येसू स्वतःशी पुटपुटली. "दिवस दुपारीच संपला."

तिने दुसरं मडकं घेतलं. भोक आणखी बारीक पाडलं. जुन्या लुगड्याच्या काठाची वात वळून भोकात बसवली. फार घट्ट बसली, थेंबही पडेना. थोडी सैल केली. आता धार लागली. पुन्हा घट्ट केली. लेक रांगत येऊन वात ओढायची, येसू तिला उचलून दूर ठेवायची, ती पुन्हा यायची. शेवटी उन्हं कलता कलता वातीच्या टोकाला एक थेंब जमला. फुगला. लोंबला. आणि टप्प करून मोगऱ्याच्या मुळाशी पडला. येसू श्वास धरून बसली. बऱ्याच वेळाने दुसरा पडला.

मग तिने ते मडकं शिंक्यात ठेवून वळचणीच्या वाशाला बांधलं. कुंडीतल्या मातीवर नारळाच्या सोडणाचा, त्या काथ्याळ सालीचा, थर दिला, म्हणजे ओल उडू नये. ऊन येतं त्या बाजूला झावळी उभी केली. मडक्यावर झाकण ठेवलं.

सासूबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "पिंडीवर गळती लावतात ती ठाऊक आहे. मोगऱ्याला काय महादेव समजलीस?"

"मोगऱ्यात माझे वडील आहेत, आत्याबाई."

सासूबाईंनी झाकण उचलून मडक्यात डोकावलं. मग म्हणाल्या, "पण हे मडकं पुरेल किती? तीन दिवस, चार दिवस. मग?"

"तोवर मी येते."

"आणि नाही आलीस तर?"

येसू वात पुन्हा चाचपू लागली. मडकं भरून ठेवा, असं कोणाला तरी सांगता आलं असतं. पण सांगायला जीभ वळली नाही. रीत आडवी आली, आणि खरं सांगायचं तर मानही आडवा आला. शेजारी तर भिवराच होती.

पहाटे ती नवऱ्याबरोबर निघाली. लेक पाठीशी बांधलेली. येसू वळून वळून शिंक्याकडे बघत होती.

भिवरा ओटा झाडत होती. "शेळे, बघ गं. लोक पोर पाठीवर नेतात आणि झाड पाळण्यात घालतात."

येसू पाठीवरची लेक सावरून घाट उतरली.

वडील खरंच खंगले होते. खोलीत पाऊल टाकताच त्यांनी नातीला हात पुढे केले. नात अनोळखी माणसाला बघून रडते की काय, अशी येसूला धास्ती. पण तिने आजोबांची दाढी धरली ती सोडेचना. वडिलांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"बरं झालं आलीस," ते म्हणाले. मग विचारलं, "मोगऱ्याला कोण पाणी घालतंय?"

"मडकं टांगून आलेय. थेंब थेंब पडतंय."

म्हातारा कितीतरी दिवसांनी हसला. "तुझी आई असती तर गावभर सांगत सुटली असती."

येसूने पेज केली, पाठ शेकली, काढे दिले. तिसऱ्या दिवशी निघायचं म्हणून तिने बोचकं बांधलं, तर वडिलांचा ताप चढला. बोचकं सोडलं. ताप उतरला, तर अंगात उठून बसायचीही ताकद नव्हती. असं करता करता मडक्याचे दिवस संपले, आणि त्यावर आणखीही गेले.

येसू बसली की तिला वात दिसायची. आता कोरडी झाली असेल. आता पानं मिटली असतील. आता पिवळी पडली असतील. रांजणातून पाणी घेताना तिचा हात थबकायचा.

"येसू," एकदा वडील पेज पिता पिता म्हणाले, "तुझा जीव इथे आहे की तिथे?"

"दोन्हीकडे, बाबा."

"तरीच. पेजेत मीठ दोनदा पडलंय." त्यांनी वाटी बाजूला ठेवली. "हे बघ. झाड सुकलं तर माझ्या परसात आणखी फांद्या आहेत. तू आली नसतीस आणि झाड हिरवं राहिलं असतं, तर त्या हिरव्याचं मी काय केलं असतं?"

येसू रडली. पण त्या दिवसापासून मीठ एकदाच पडू लागलं.

वडील काठी टेकून अंगणापर्यंत जाऊ लागले, तेव्हा ती निघाली. त्यांनी हट्टाने मोगऱ्याची एक ओली फांदी चिंध्यांत बांधून दिली. दोघांनाही वाटत होतं की ती लागणारच, कुंडीतलं झाड सुकलंच असणार.

घाट चढताना उन्हाने कातळ फुटेल असं वाटत होतं. वाटेवरचं गवत हाताने चुरलं तर भुकटी होत होती. येसूने मनाची तयारी केली. सुकलेलं झाड बघायचं, रडायचं नाही, नवी फांदी लावायची. लेकीदेखत रडायचं नाही.

ओट्यापाशी आली आणि आधी खालीच बघितलं. कुंडीभोवती शेळीच्या लेंड्या. ताज्या.

"पुन्हा शेळी!" येसूचा संताप उसळला. "झाड सुकलं ते सुकलं, वर खाऊनही टाकलं!"

तिने मान वर केली.

मोगरा हिरवागार होता. नुसता हिरवा नव्हता, कळ्यांनी लगडला होता. आणि तिच्या डोळ्यांसमोर वातीच्या टोकाला एक थेंब फुगला, लोंबला आणि मुळाशी पडला.

येसूने शिंक्यातलं झाकण उचललं. मडकं काठोकाठ भरलेलं.

"आत्याबाई!"

सासूबाई माळ ओढत दाराशी आल्या. "मी हात लावला नाही हं. शपथ घेते."

"मग कोणी?"

"मला काय ठाऊक? मी आपली माळ ओढताना डोळे मिटून असते." त्या थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "तू गेलीस तशी शेजारची शेळी एक दिवसाआड सुटायला लागली. सुटायची आणि नेमकी आपल्याच ओट्यावर यायची. तिच्यामागे तिची मालकीण. 'मेली इथंच कडमडते,' असं ओरडत यायची. आता शेळी आणायला जाताना बाई काखेत भरली घागर कशाला घेते, ते मी विचारलं नाही. शेळीने कळीला तोंडसुद्धा लावलं नाही. कसं लावेल? गळ्यातला दोर कायम मालकिणीच्या हातात होता."

तुम्हाला सांगते, त्या दिवसांत कातळवाडीत पाण्याचे हाल होते. घागर भरायला डोंगराच्या कुशीतल्या झऱ्यावर जावं लागे. वाटीवाटीने पाणी उपसायचं आणि घागर डोक्यावर घेऊन चढायचं. तसली एकेक घागर भिवराने दुसऱ्याच्या झाडासाठी ओतली होती, आणि वर शेळीच्या नावाने ओरडली होती, म्हणजे कोणी उपकार म्हणू नये.

येसू शेजारच्या ओट्यावर गेली. भिवरा ताक घुसळत होती. तिने वर पाहिलं नाही.

बोलायचं कसं? सवयच मोडलेली. येसू शेळीपुढे बसली. "शेळीबाई, तुमच्या मालकिणीला सांगा, मोगरा जगला."

भिवराने येसूच्या लेकीकडे पाहिलं. "बाळे, तुझ्या आईला सांग, मी तिच्या झाडाला हात लावला नाही. रीत मोडली नाही. मी पाणी मडक्याला घातलं. झाडाला माहेर असतं. मडक्याला कुठे सासर-माहेर असतं?"

येसूला हसू आलं आणि रडूही. "भिवराताई," ती म्हणाली, सरळ तिच्याशीच, "का केलंत?"

भिवराचा हात रवीवर थांबला. तिने अनंताच्या झाडाकडे पाहिलं.

"मलाही असाच निरोप आला होता," ती म्हणाली. "आईचा. वैशाखात. सगळ्या म्हणाल्या, जाऊ नकोस, अनंत सुकेल. मी थांबले. दिवसातून तीनदा पाणी घातलं. अनंत टरारून फुलला." तिने पदराने तोंड पुसलं. "तो फुलला त्याच दिवशी आई गेली. लोक अजून म्हणतात, भिवराचं झाड बघा! मी बघतेच आहे. एवढी वर्षं बघतेच आहे."

येसू तिच्याजवळ सरकली. लेक रांगत शेळीपाशी गेली आणि तिने शेळीची दाढी धरली, जशी आजोबांची धरली होती. शेळी ओरडली आणि दोघी हसल्या.

मग येसूने विचारलं, "माहेरी आता कोण आहे तुमच्या?"

"भाऊ आहे. भाच्या आहेत. मी गेलेच नाही परत. कोणत्या तोंडाने जाऊ?"

"याच तोंडाने जा. फक्त जरा गोड बोला," येसू म्हणाली. "मडकं मी टांगते."

त्याच आठवड्यात भिवराच्या ओट्यावर शिंकं लागलं. वात येसूने वळली. भिवरा घाट उतरली ती अनंताचं एक फूल केसांत माळून. गावातल्या बायका दारादारांत येऊन बघत राहिल्या. दुसऱ्याच दिवशी गुरवाच्या सुनेने येसूला विचारलं, "भोक केवढं पाडायचं गं?"

हळूहळू सगळ्या ओट्यांवर मडकी लोंबू लागली. जी बाई माहेरी जायची तिचं मडकं शेजारीण भरायची. वैशाखातही कातळवाडीच्या लेकी घाट उतरू लागल्या आणि परत येऊन हिरवी झाडं बघू लागल्या. कोणाच्याही माहेरची ओल तुटली नाही. पुढे तर अशी रीत पडली की नव्या नवरीला कुंडी माहेरने द्यायची आणि बुडाला भोक पाडलेलं मडकं शेजारणीने.

येसूच्या वडिलांनी पुढे आणखी दोन नातवंडं पाहिली. त्यांनी दिलेली ती ओली फांदीही वाया गेली नाही. येसूने ती भिवराच्या ओट्यावर लावली. सकाळी दोघी एकाच मोगऱ्याची फुलं दोन ओट्यांवरून वेचायच्या आणि शेळीच्या नावाने अजूनही एकमेकींना टोमणे मारायच्या, पण आता हसण्यासाठी.

तात्पर्य: जीव आपण लावावा, पण आपल्यामागे तो जपायला दुसऱ्याचा हात मागण्यात कमीपणा मानू नये.

गोष्ट इथे संपली, पण ती तुमच्या ओट्यावर ठेवू नका. गावाला निघण्याआधी एक मडकं टांगा, आणि ही गोष्ट शेजारणीला सांगा. जिच्याशी बोलणं बंद असेल तिला आधी सांगा. आणि अगदीच जीभ वळत नसेल, तर शेळी सोडा.